दाराआडून ऐकलेलं नाव

“मग तिथं कसं बोलता आलं? तिथं कसं?” चिमणाबाईनं परातीतलं पीठ असं दाबलं, की परात घासत चुलीपर्यंत गेली. “घरात मीठ मागायला तुमची अर्धी भाकरी गार होती. आन् डाक्टराम्होरं धडाधडा! नाव, पेठ, बापाचं नाव, बायकूचं नाव. एक शबुद अडकला न्हाय!”

तिचा नवरा हंबीरराव उंबऱ्यावर बसून पायातलं पायताण काढत होता. काढून झालं तरी हात तिथंच राहिला.

“मी... मी कु... कु...”

“कुणाला सांगू, असंच ना?” त्याचं वाक्य चिमणाबाईनंच पुरं केलं, लग्नापासून करत आली होती तसं. “मलाच सांगा. टपरी गेली न्हवं हातची? आता काय करायचं? बाजार बंद, टपरी न्हाय, आन् एका म्हशीवर घर चालवायचं व्हय?”

भिंतीला टेकून आरशात मिशी कातरत असलेला धाकटा दीर सयाजी म्हणाला, “झालं ते ब्येस झालं, वहिनी. हातपाय धड असलेल्या माणसानं सरकारी दवाखान्यात जाऊन अपंग हाय म्हणून दाखला मागायचा? उद्या तालमीत मला काय म्हणतील? अपंगाचा भाऊ?”

“तालमीतली माणसं आमच्या चुलीत जळण घालत्यात व्हय, भाऊजी?”

“तसं न्हवं. पर लंगडा, आंधळा असता तर गोष्ट येगळी.”

“पाय लंगडा असता तर दिसला तरी असता. ह्यांचं लंगडणं तोंडात हाय. ते कळायला ऐकत बसावं लागतंय, आन् बसायला कुणाला येळ हाय?”

लसूण सोलत बसलेल्या तानाबाईंना, म्हणजे सासूला, हे बोलणं लागलं. “मी बसले न्हाय व्हय गं? वेखंड उगाळून उगाळून चाटवलं मी ह्येला. जोतिबाला नवस केला. जीभ ब्येस हाय त्याची, डाक्टरनं बी तेच सांगितलं न्हवं?”

सांगितलं होतं खरं. सकाळी दवाखान्यात डॉक्टरनं आधी जीभ बाहेर काढायला लावून पाहिली आणि मग नाव विचारलं. हंबीररावाचं तोंड उघडायच्या आत चिमणाबाईनं नाव सांगितलं. वय विचारलं, तेही तिनंच. धंदा विचारला, तेव्हा मात्र डॉक्टर हसून म्हणाले, “बाई, दाखला कुणाला हवाय, तुम्हाला का त्यांना? तुम्ही बाहेर थांबा बघू.”

ती बाहेर बाकड्यावर जाऊन बसली. दार पुढं ओढलं होतं, पण नीट लागलं नव्हतं. ती मनातल्या मनात म्हणत होती, अडखळा, चांगलं अडखळा, आज तरी लाजू नका. सरकारचं अपंग वर्ष चालू होतं. बसस्टँडजवळ अपंगांना टपऱ्या देणार, असं गल्लीतला पिराजी सांगून गेला होता, आणि तेव्हापासून आठ दिवस ती मनातल्या मनात त्या टपरीत बरण्या मांडत होती.

आतून नवऱ्याचा आवाज आला. सपाट, सावकाश, एकही खाच नसलेला. आधी तिला वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय. मग ऐकू आलं, “बायकोचं नाव चिमणाबाई.”

ती बाकड्यावरून उठलीच.

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. लग्नाच्या दिवशी दारात तिनं नाव घेतलं, मग त्याची पाळी आली. ‘च’वर तो असा अडकला, की मांडवातली पोरं मोजायला लागली. शेवटी तानाबाई ओरडल्या, “घेतलं, घेतलं! चला आत!” आणि सगळे हसत आत गेले. ते नाव दाराबाहेर राहिलं ते राहिलंच. तो तिला ‘अगं’ म्हणायचा. समोरचा पिराजी नळाला पाणी आलं की गल्लीच्या तोंडापासून बायकोला “शाले, पाणी आलं गंऽ” म्हणून ओरडायचा, तेव्हा चिमणाबाई घागर हातात घेऊन उगीचच क्षणभर थांबायची. पाणी तिच्याही नळाला आलेलं असायचं.

एकदा जोतिबाच्या यात्रेत दोघांची चुकामूक झाली. ती दिवस कलेपर्यंत रडत हिंडली. नंतर त्यानं खुणांनी आणि तुटक शब्दांनी सांगितलं, की ती त्याला दिसली होती, गर्दीत पुढं पुढं जाताना. तोंड उघडून तो उभा होता. हाक निघेपर्यंत ती दिसेनाशी झाली.

लहानपणी शाळेत तर तो बसल्या जागी गैरहजर लागायचा. ‘हजर’ म्हणेपर्यंत गुरुजी पुढच्या नावावर गेलेले असायचे. चौथीतून बापानं काढला आणि वडगावच्या जनावरांच्या बाजाराला सोबत नेऊ लागला. तिथं मात्र हंबीरराव माणसांत आला. दोन दलाल एका टॉवेलाखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव करत. तोंडानं बोलायचंच नाही. हंबीररावाची बोटं सगळ्या बाजाराला ठाऊक होती. बाजारातून येताना तो केळी आणायचा आणि ताठ चालायचा. पण गेल्या साली नियम झाला, की झाकून भाव करायचा नाही, चारचौघांत ओरडून सांगायचा. पहिल्याच बाजारात तो ‘बा... बा...’ करेपर्यंत बैलजोडी तिसऱ्यानंच नेली. माणसं पोट धरून हसली. त्यानंतर त्यानं तो टॉवेल खुंटीला लावला, तो तिथंच होता.

“बाहेर आले डाक्टर, आन् मला म्हणाले,” चिमणाबाईचा आवाज आता खाली आला होता, “‘बाई, हा तर चांगला बोलतोय. जरा तरी अडखळला असता, तर वाचेचा दोष म्हणून वर लिहून बघितलं असतं. दोषच न्हाय तर लिहू काय?’” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “मी दाराबाहेर गेले आन् ह्यांची जीभ सुटली. म्हणजे अडसर मीच व्हय? सतरा वरसं मीच?”

तेव्हा कुठं घरातल्यांना कळलं, की भांडण टपरीचं नव्हतं. सयाजीनं कात्री खाली ठेवली.

हंबीररावानं मान हलवली. “मी... कु... कु...”

चिमणाबाईच्या ओठांवर शब्द आला होता. तिनं तो गिळला. भाकरी उलटायची झाली, तिनं ती उलटली. तो अजून ‘कु’वरच होता. गळ्याची शीर तटतटली होती, एक डोळा मिटला होता. सतरा वर्षांत हे तोंड आपण कधी शेवटपर्यंत पाहिलंच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. दरवेळी आपण मध्येच उडी मारली.

“कु... कुठं... माणसाशी बोललो?” तो म्हणाला.

थांबत, अडकत, मांडीवर हात आपटत त्यानं पुढचं सांगितलं. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होता. एकदाही वर बघितलं नाही. वाट बघत नव्हता. मग म्हशीशी बोलतो तसं हंबीरराव न अडखळता बोलून गेला.

“म्हणजे डाक्टर म्हस व्हय रं?” तानाबाईंना हसू फुटलं. सयाजीही हसला, पण चिमणाबाई हसली नाही.

पहाटे धार काढताना गोठ्यात त्याची कुजबुज चालायची, हे तिला माहीत होतं. दुसरं माणूस जवळ आलं की म्हैस पान्हा चोरायची, म्हणून ती कधी आत गेली नव्हती.

“आन् माझं नाव?” तिनं विचारलं. “म्हशीम्होरं घेता व्हय?”

त्यानं खाली बघितलं. “रो... रोज.”

चुलीतलं लाकूड बाहेर आलं होतं. तिनं ते आत सारलं, मग पुन्हा बाहेर ओढलं.

“मग आता घ्या. मी हाय हितं.”

“च...” तो म्हणाला. “च... च... चि...”

तवा धुरकटला. भाकरी करपत होती. तानाबाईंना राहवेना, त्यांनी “चिम...” म्हणून तोंड उघडलं, तसा चिमणाबाईनं पिठाचा हात त्यांच्यापुढं धरला. बाहेर पिराजी शालूला हाक मारत होता. हंबीरराव ‘चि’वर झगडत राहिला, घाम आला, आणि अखेर त्याचे खांदे पडले. नाव आलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली, अजून थोडा वेळ, न जाणो.

मग तिनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली आणि हात पुसला.

“आत्याबाई, सोमवारी आमी दोघं परत दवाखान्यात जाणार हाय. मी बाहेरच बसणार. पर आधी डाक्टरला सांगणार, लिहिणं बाजूला ठेवा आन् ह्यांच्या तोंडाकडं बघत बसा, किती का येळ लागंना. आन् आजपासनं ह्या घरात ह्यांचा शबुद कुणी पुरा करायचा न्हाय. मी बी न्हाय. भाऊजी, सोमवारी म्हशीचं वैरणपाणी तुमच्याकडं.”