सासऱ्यांचा लॅपटॉप आणि लूमचं तेल

बंद पडलेली वस्तू कायमची बंद पडू शकते, हे माझ्या सासऱ्यांना आजवर कोणालाही पटवून देता आलेलं नाही. भिवंडीजवळच्या राहनाळ गावातल्या त्यांच्या घरात तीन पंखे आहेत आणि त्या तिन्हींत मिळून सात पंख्यांचे अवयव आहेत. मिक्सर चालू करायला आधी दाराची बेल दाबावी लागते, असं माझी बायको सांगते. ती थोडं वाढवून सांगते, पण थोडंच.

उभा जन्म त्यांनी पॉवरलूम दुरुस्त करण्यात घालवला. स्वतःचे आठ लूम होते. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी मशिनी खोलायच्या, पुसायच्या, तेल द्यायचं. लूम जाऊन वर्षं झाली, शेडच्या जागी गोडाऊन उभं राहिलं, तरी सासऱ्यांचा शुक्रवार सुटलेला नाही. त्या दिवशी घरातलं काहीतरी खोललं जातंच. मी तर घड्याळ खिशात घालूनच सासुरवाडीला जातो.

गेल्या महिन्यात लॅपटॉपची पाळी आली. आठही लूम किलोवर भंगारात गेले, तेव्हा आलेल्या पैशांतून त्यांनी तो लेकीच्या कॉलेजसाठी घेतला होता. लेक माझ्या घरी आली, लॅपटॉप त्यांच्याकडे राहिला. ते त्यावर दुपारी भजनं लावत. त्याची बिजागरी करकरायला लागली, म्हणून त्यांनी तिला तेल दिलं. दिलं ते मात्र लूमला देतात तेवढं. बिजागरी मऊसूत फिरू लागली आणि लॅपटॉपने मान टाकली.

दुरुस्तीला नेला, तर दुकानदार म्हणाला, "चाचा, बोर्ड में तेल गया है. नया ले लो, ये तो भंगार है."

सासऱ्यांनी लॅपटॉप त्याच्या हातातून काढून घेतला. "भंगार कोनाला बोलतो? तेलानं मशीन मरत न्हाय, जगते."

पुढच्या शुक्रवारी मी नवा लॅपटॉप घेऊनच गेलो. जुना लॅपटॉप दुकानदार बदल्यात घेणार होता. सासरे पेपर अंथरून त्यावर जुन्याचे स्क्रू ओळीने मांडून बसले होते.

"बाबा, हे किती दिवस चालणार?"

"चालू होईतो."

"आणि नाहीच झाला तर?"

"पुढं शुक्रवार कमी हायत काय?"

माझा तोल गेला. म्हटलं, "बाबा, हा आता चालणार नाही. भंगारातच जाणार."

त्यांनी पेचकस खाली ठेवला. "जावई, माझे आठी लूम चालू होते. कापडाला गिऱ्हाईक न्हवतं, म्हनून चालू मशिनी वजनावर दिल्या मी. हा तर नुसता बंद हाय."

मला माझीच लाज वाटली. नवं खोकं कपाटावर ठेवून मी त्यांच्यासमोर मांडी घातली. त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिली. लॅपटॉप अजून सुरू झालेला नाही, पण तो सुरू व्हावा असं आता मलाही फार वाटतं.