धोंडू मिस्त्रींचा कान आणि कोब्याखालचं पाणी

ठाण्यापासून कल्याणापर्यंत, घराच्या कोब्याखाली झिरपणारं पाणी नुसत्या कानाने हुडकून काढणारा माझ्यासारखा माणूस झाला नाही! आता, कान माझा नव्हता, तो धोंडू मिस्त्रींचा. मी फक्त पहार आणून द्यायचो. आणि बोलायला बसलोच आहे तर हेही सांगून टाकतो, मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं.

असले किस्से कुणी जमवायला जात नाही. ओल चढते तसे ते चढतात. आज पायाशी, उद्या गुडघ्याशी, आणि एक दिवस बघावं तर सगळी भिंत भरलेली!

आमचा धंदा असा. ठाण्यात नळ आले तेव्हा पैसेवाल्यांनी लोखंडी पाइप थेट मोरीपर्यंत घेतले. ते पुरले जोत्यात, आणि वरून चुन्याचा, विटांच्या तुकड्यांचा कोबा ठोकून आरशासारखा केला. पुढे एखादा सांधा सुटला की पाणी आतल्या आत माती खाई आणि घराचा कोपरा खाली बसे. सगळा कोबा फोडला तर मालक रडणार, नाही फोडला तर घर रडणार. मग मिस्त्रींना बोलावणं येई. पहारेचं एक टोक जमिनीला, एक कानाला. पाणी वाजेल तिथे खूण करायची आणि तेवढंच फोडायचं. सांध्यात ताग, वर तापलेलं शिसं, पुन्हा कोबा, आणि राम राम.

मिस्त्रींचा कान खरोखरच मोठा होता. पण आगगाडीसाठी डोंगर फोडत असताना एक सुरुंग त्यांना न विचारता उडाला, आणि तिथून तो कान हळूहळू गेला. हे जगात तिघांना ठाऊक होतं. एक मिस्त्री, दुसरा मी विठू, मराठी तिसरी अर्ध्यावर सोडलेला, आणि तिसरा सावळ्या. सावळ्या बाळकुमचा आगरी, मिठागरावर वाढलेला, आमच्याकडे फोडकाम करायचा. बाहेर ब्र फुटला असता तर तीन चुली एका दिवसात विझल्या असत्या.

मग पाणी सापडायचं कसं? मी प्यायला पाणी मागत मागच्या दारी जायचो. घरातली बाई तांब्या देता देता सांगायची, "कोपऱ्यातल्या कणगीखाली बघा. मुंग्या अंडी घेऊन पळतायत."

"मालकांना सांगितलं नाही का?"

"सांगितलं की! बाईच्या सांगण्यावरून कोबा फोडतात होय?"

मी येऊन मिस्त्रींच्या मागे उभा राहायचो. जागा आली की धोतराचा सोगा ओढायचो. मिस्त्री डोळे अर्धे मिटून मान हलवायचे आणि म्हणायचे, "इथं!" मालक लगेच शेजाऱ्याला म्हणायचे, "काय कान आहे!"

*

ठाण्यात कचेरीतले एक कारकून होते. ओल त्यांच्या मोरीपाशी होती, हे मला त्यांच्या बहिणीने आधीच सांगितलं होतं. आम्ही मोरीकडे निघालो. वाटेत खोलीत कारकुनांचे सासरे पलंगावर पाय पसरून पडलेले. गुडघा मोडलेला, स्वभाव साबूत.

पलंगापाशी माझ्या पोटरीला एक तांबडी मुंगी कडकडून चावली. मी कळवळलो, आणि हातात होता तो सोगा ओढला गेला!

"इथं!" मिस्त्री गरजले.

आता मिस्त्रींचा शब्द मागे घ्यायचा कसा? सासऱ्यांना पलंगासकट उचलून ओसरीवर नेलं. ते जाताना जावयाच्या कुळाचा उद्धार करत होते. सावळ्याने कोबा फोडला, हातभर माती काढली. आत ठणठणीत कोरडं! भाजलेल्या विटेसारखं!

कारकून मिस्त्रींच्या तोंडाकडे बघू लागले. मिस्त्रींनी खड्ड्यात बोट घातलं, माती चुरगाळली आणि शांतपणे म्हणाले, "सुटलात! पाणी इथवर आलेलं नाही."

कारकुनांनी हात जोडले. पेढे आणवले. सासऱ्यांनाही एक दिला.

*

सावळ्याची जीभ आमचं दुसरं हत्यार. पलीकडे कळव्याला खाडीच्या काठची घरं. तिथे जमीन ओली झाली की प्रश्न एकच, पाणी खाडीचं की घरचं? सावळ्या बोट बुडवून चाखायचा. गोडं लागलं तर विहिरीचं, खारं लागलं तर खाडीचं.

एका जमीनदाराच्या कोठीत ओल आली. जमीनदार पेटलेले. "शेजाऱ्याने खाडीचा बांध फोडलाय! घरात पाणी घातलंय माझ्या! तुम्ही फक्त खारं आहे म्हणा, आजच वकिलाकडे जातो!" शेजारीही दारात येऊन उभा. दोघांच्या हातात काठ्या. मी मधे होतो, तो जरा बाजूला झालो.

सावळ्याने कोब्याच्या भेगेत बोट घातलं. चाखलं.

"खारं का?"

"खाराच हाय."

जमीनदारांनी काठी उचलली. सावळ्याने दुसऱ्यांदा चाखलं. मग तिसऱ्यांदा. मग चवीने चौथ्यांदा.

"खाराच हाय, मालक. पन औंदा खाडीला कैऱ्या लागल्यान वाटतं!"

कोठीत मागच्या बाजूला जमीनदारांच्या आईने सुनांपासून लपवून मिठातल्या कैऱ्यांची बरणी ठेवली होती. तिचं बूड तडकलेलं. म्हातारी धावत आली आणि शेजाऱ्यालाच म्हणाली, "तू ये रे आत, चार घेऊन जा, नाहीतर नासतील!"

*

कल्याणात एका भटजींच्या स्वयंपाकघरात ओल. विहिरीवरून आत खापरी नळ आणलेला, तो कुठेतरी फुटलेला. पण स्वयंपाकघरात आम्हाला पाऊल टाकायला बंदी. उंबऱ्यावरून पहार पोचेना.

भटजी म्हणाले, "मी सोवळ्यात आहे. मी ऐकतो. कसं ऐकायचं तेवढं सांग."

असा माणूस समोर आला की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हणालो, "पहार धुऊन घ्या. टोक दातात धरा. आडवे व्हा. नाक दाबा, डोळे मिटा. आणि डावा पाय वर."

"डावाच?"

"उजव्याने पाणी लांब जातं."

भटजी आडवे झाले. दातात पहार, एका हाताने नाक दाबलेलं, डावा पाय आढ्याकडे. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. इतक्यात भटजींची बायको पाण्याची घागर घेऊन आली. घागर तशीच कमरेवर.

"हे काय?"

मी म्हणालो, "काकू, पाणी ऐकतायत."

"पाणी होय? ते ताकाच्या डेऱ्याखाली आहे. मी केव्हाची सांगतेय."

भटजींनी पाय खाली घेतला. दातातून पहार काढली, तोंड पुसलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मलाही तिथंच ऐकू आलं."

फोडायला मात्र आम्हीच लागलो. तेवढ्यापुरतं स्वयंपाकघर बाहेर पडवीत गेलं आणि काम झाल्यावर गोमूत्र शिंपडून परत आत आलं.

*

डोंबिवलीला दोन भाऊ, भातशेतीवाले. वाटण्या झाल्या तेव्हापासून बोलणं बंद. धाकट्याच्या घरी कुणी आजारी पडलं तरी थोरला विचारायचा नाही, आणि धाकटा थोरल्याच्या दारावरून जायचा नाही, शेतातून वळसा घालायचा.

थोरल्याच्या घराला लागून पाण्याचा मोठा हौद. तो भरावा आणि दोन दिवसांत उतरावा. पाणी घराच्या पायाखालून कुठेतरी जात होतं. तिथे कानाचं काम नव्हतं. मी हौदात गुलाल कालवला. रंगीत पाणी जिथे निघेल तिथे वाट!

घराभोवती फिरलो, काही नाही. एवढ्यात धाकट्याच्या अंगणात आरडाओरड. "विहीर बाटली! विहिरीत रक्त आलं!"

धाकट्याची विहीर लालभडक. त्याची म्हैस पाणी पिऊन तोंड लाल करून उभी, होळी खेळून आल्यासारखी.

थोरला कुंपणापर्यंत गेला. म्हणाला, "म्हणजे हा माझं पाणी पितोय?"

धाकटाही कुंपणाशी आला होता. कुणी कुणाकडे बघेना. मी विचारलं, "त्या बाजूला हौदाला भेग आहे, काका. बुजवू ना?"

थोरल्याने पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पागोटं घातलं.

"बुजव," तो म्हणाला. "पण फार पक्कं नको."

*

आता ठाण्याचे आबासाहेब. पेन्शन घेतलेले शिरस्तेदार. त्यांच्या घराचा मागचा कोपरा बसत चालला होता. भिंतीला भेग अशी की हात घालून पलीकडच्या माणसाशी हस्तांदोलन करावं! दुसरा कुणी असता तर तडक काम सुरू झालं असतं. पण आमच्यावर जळणाऱ्या एका कंत्राटदाराने त्यांना सांगितलं होतं, "धोंडू मिस्त्री ठार बहिरा आहे."

आबासाहेबांनी आळीतले चार लोक ओटीवर बसवले. म्हणाले, "मिस्त्री, परीक्षा घेणार. इथे पाट मांडलेत. एकाखाली माझं घड्याळ ठेवतो. घड्याळ ऐकू आलं तर पाणीही येईल. नाही आलं, तर साऱ्या ठाण्यात सांगेन की पहारेचं सोंग आहे."

हे सगळं ते मिस्त्रींच्या तोंडासमोर ओरडून बोलले म्हणून मिस्त्रींना कळलं. मग आमची तोंडं अंगणाकडे करून त्यांनी घड्याळ लपवलं. वर मला म्हणाले, "तू खाली अंगणातच थांब. त्यांच्या पाठीशी नको."

झालं! सोगा गेला. आणि सोगा असता तरी ओढणार कधी? घड्याळ कुठे आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. सावळ्या माझ्या कानात म्हणाला, "विठूदादा, मी उद्यापासून मिठागराव जातंय. तू कय करशील?"

माजघराच्या दारात आबासाहेबांच्या पत्नी, माई, तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मिस्त्री पहिल्या पाटापाशी बसले, पहार टेकवली, कान लावला, मान हलवली. दुसऱ्यापाशी तेच. सुपाचा आवाज चालू. पुढे एका पाटापाशी मिस्त्री बसले आणि सूप थांबलं. मिस्त्री पुढे सरकले, सूप पुन्हा सुरू. मिस्त्रींची नजर माईंच्या हातांवर गेली. ते मागे आले. सूप थांबलं.

"इथं!"

लोक "वाहवा" म्हणाले. तिथे गप्प बसावं की नाही? पण मिस्त्रींना चेव आला. म्हणाले, "ठणठणीत वाजतंय. जरा पुढे मात्र आहे."

आबासाहेबांनी पाट उचलला. घड्याळ कानाला लावलं. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "खरंच की! पुढे आहे!"

त्यांनी कौतुकाने ते माझ्या हातात दिलं. मी कानाला लावलं. काही नाही. किल्ली द्यायची राहून गेलेली, काटे सकाळच्या वेळेवर उभे! मी ते दोन्ही हातांनी अलगद पाटावर ठेवलं आणि नमस्कार केला.

मग कोबा फोडायची परवानगी मिळाली. माईंनी मागच्या दारी मला एकच शब्द सांगितला होता, "जातं." पडवीतलं जातं हलवलं, सोगा ओढला, "इथं" झालं. सावळ्याने चार घाव घातले आणि पाणी असं उसळलं की त्याचं मुंडासं भिजलं. खाली माती उरलीच नव्हती, नुसतं पोकळ! आणखी एक पावसाळा, आणि तो कोपरा माणसांसकट आत गेला असता. सांधा शिशाने भरला, पोकळीत दगड आणि चुना ठासला, कोबा पुन्हा ठोकून दिला.

आबासाहेबांनी साऱ्या ठाण्यात सांगितलं, असा कान होणे नाही! चुली पेटत्या राहिल्या.

निघताना माईंनी मागच्या दारी गूळपाणी दिलं. मला राहवेना. हळूच म्हणालो, "माई, आम्ही एवढी वर्षं झाकून ठेवलं. मिस्त्रींना ऐकू येत नाही, हे तुम्ही एका बैठकीत कसं ओळखलंत?"

माईंनी आत पाहिलं. ओटीवर आबासाहेब आणि मिस्त्री समोरासमोर बसून गप्पा मारत होते. एक बोलला की दुसरा छान मान हलवत होता.

"अरे," माई म्हणाल्या, "जात्याखाली पाणी वाजतंय म्हणून मी गेला सबंध पावसाळा घरात सांगतेय. दर वेळी समोरून अश्शीच मान हलते!"