कोपरगावच्या पाटावरचा सुरू

मुरलीधर साळवे गेल्याचं मला कार्डावरून कळलं. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचं छापील कार्ड, पोस्टाने आलेलं, आणि तेही कार्यक्रम होऊन गेल्यावर दोन दिवसांनी. साळव्यांचं केडगाव माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे, पण तिथून येऊन कोणाला मला निरोप द्यावासा वाटला नाही. राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. निरोप द्यावा असं काही मीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

साळवे सरकारी रोपवाटिकेत कामाला होते. रस्त्याकडेला, पाटाच्या कडेला, उघड्या माळावर लावायची परदेशी झाडं पिशव्यांतून वाढवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. निलगिरी, सुरू, बॉटलब्रश, ऑस्ट्रेलियन बाभूळ... ऑस्ट्रेलियाकडची ही मंडळी आपल्या जिल्ह्यात इतकी रुळली की बी पडून आपोआप उगवायला लागली. ही रानात उगवलेली, खुरटी राहिलेली रोपं नेमकी ओळखून बोन्सायसाठी आणायचा साळव्यांना नाद होता. नव्वदीच्या सुरुवातीला मी शहरातल्या बोन्साय मंडळाची चिटणीस होते. साळवे एकदा आमच्याकडे माती पोचवायला आले, तेव्हा मी गॅलरीत एका बाभळीवर औषध मारत होते. दारात उगवलेली आपली गावठी बाभूळ म्हणून मी ती जपली होती आणि महिन्याभरात तिची बारीक पानं जाऊन लांब, चपटी पानं यायला लागली होती. मी धसकाच घेतला होता. साळवे पोट धरून हसले. "रोग न्हाई ताई. ही ऑस्ट्रेलियाची बाभूळ हाय. ल्हानपनी समद्या सारख्याच दिसत्यात." मग त्यांनी समजावलं, की मोठेपणी हिला पान असं नसतंच, देठच चपटा होऊन पानाचं काम करतो. फवारणीचा पंप मी गुपचूप आत नेऊन ठेवला.

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडले. माझं माहेर कोपरगावचं. तिथे पाटाच्या कडेला शेळ्यांनी वर्षानुवर्षं कुरतडलेली कसलीशी झुडपं होती, गुडघ्याएवढी, पण बुंधा मनगटाएवढा. मी सांगितल्यावर साळवे एसटीने आले. मला लगेच खणायचं होतं. त्यांनी कुदळ हातात घेतली नाही. नाव ठाऊक नसलेलं झाड घरी न्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. नावच माहीत नाही तर पाणी किती घालायचं, मुळं कधी छाटायची, हे कसं ठरवणार, असं ते म्हणायचे. त्यांनी एक हिरवी काडी घेतली आणि हलकेच ओढली. ती सांध्यावर सुटली. सांध्याभोवती बारीक दात होते, तीच त्याची खरी पानं. पाइनची काडी अशी सांध्यावर सुटत नाही, सुरूची सुटते. मला त्यांनी दहा वेळा ओढायला लावलं. त्या पावसाळ्यात नुसता मुळांभोवती चर खणून ठेवला, पुढच्या पावसाळ्यात झाड साळव्यांच्या कुंडीत आलं.

मंडळाच्या प्रदर्शनात तो सुरू मांडायची परवानगी मी भांडून मिळवली. शेवटचं टेबल मिळालं. पुढच्या टेबलावर आमच्या अध्यक्षबाईंचं झाड होतं, पुण्याहून आणलेलं, खाली सोनेरी पाटी, 'जपानी पाइन'. साळवे त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. बघायला आलेल्या एका शिक्षकांनीच त्यांना विचारलं, की हे आणि मागचं झाड सारखंच दिसतंय, ते कसं? विचारल्यावर खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "एकच जात हाय. ह्यो बी सुरूच," ते म्हणाले.

अध्यक्षबाईंनी ऐकलं. त्या साळव्यांशी बोलल्याच नाहीत, माझ्याकडे वळल्या. "चिटणीस तुम्ही आहात. सांगा बरं, काय आहे हे?"

काडी माझ्या हाताशी होती. नुसती ओढायची होती. माझं त्या बाईंशी काहीही अडलेलं नव्हतं, पहिल्या रांगेतली एक खुर्ची सोडून. मी म्हणाले, "पाइनच आहे."

साळव्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आपली कुंडी उचलली आणि भर दुपारी निघून गेले. मागून कोणीतरी म्हणालं, माळ्याला आत घेतलं की असंच व्हायचं. 'माळी' हा शब्दही सभ्यपणाने निवडलेला होता. मनात दुसरा होता, आणि तो तिथे प्रत्येकीला ऐकू आला. मी चहाचे कप मोजत राहिले.

पुढे सहा-सात वर्षं मी केडगावला गेले नाही. एकदा बसस्टँडवर ते समोरून येताना दिसले, तेव्हा मी पेपरच्या स्टॉलकडे तोंड केलं. त्यांनी मला पाहिलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

कार्ड आलं त्या आठवड्यात मी केडगावला गेले. त्यांच्या पत्नी, वत्सलाबाई, यांनी पाणी दिलं, बस म्हणाल्या. दाराशी पाण्याच्या पिंपाजवळ तो सुरू होता, चांगला पोसलेला. कुंडीला पत्र्याची पट्टी, त्यावर पांढऱ्या रंगाने साळव्यांचं अक्षर : 'सुरू. मूळ ऑस्ट्रेलिया. कोपरगावचा पाट. ओळखणारे : साळवे आणि ताई.' इतक्या वर्षांत त्यांनी ती बदलली नव्हती. मी न राहवून विचारलं, माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का.

"न्हाई," वत्सलाबाई म्हणाल्या. "झाडाला पानी घालताना कदी कदी म्हनायचे, ताईला ठावं हुतं."

मला रडू आलं, तर त्यांनी समजूत काढली नाही. झाड तेवढं घेऊन जा म्हणाल्या, त्यांना ते बघवत नव्हतं.

आता तो माझ्या गॅलरीत आहे. परवा अध्यक्षबाई दुसऱ्याच कामाला आल्या होत्या. चहा घेताना त्यांची नजर तिकडे गेली. "तुमच्याकडेही पाइन आला वाटतं," म्हणाल्या. मी उठून एक काडी तोडली, सांध्यावर ओढली आणि दोन्ही तुकडे त्यांच्या बशीशेजारी ठेवले. "सुरू आहे," मी म्हटलं. "तुमचाही सुरूच होता."

"असेल बाई," त्या म्हणाल्या, "तो तर केव्हाच वाळला." आणि त्यांनी बिस्कीट घेतलं.

एवढंच झालं... त्या दिवशी प्रदर्शनात मी खरं बोलले असते, तरी याहून जास्त काही झालं नसतं.