कुठल्या आळीतले तुम्ही?

एस.टी. पुलावरून वळली तेव्हा घाटावरच्या देवळांच्या कळसांना नुकतं ऊन लागलं होतं. माझ्या मागच्या बाकावर आपलं हे गाव पाहून परत निघालेलं एक मुंबईचं जोडपं होतं. बाई खिडकीतून फोटो काढत म्हणाल्या, "असल्या गावात राहायला नशीब लागतं." मला इतकं बरं वाटलं की मागे वळून सांगावंसं वाटलं, अहो, मी इथलाच! गावाचं कुणी कौतुक केलं की ते मला माझंच वाटायचं. इथल्या शाळेने मला शिकवलं, इथल्या वाचनालयाने पुस्तकं दिली आणि घरातला पहिला पदवीधर म्हणून घाटावर शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला. ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच आपल्या गावाच्या दिवाळी अंकासाठी मुंबईवर काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा लगेच हो म्हटलं.

निमित्त होतंच. माझी बदली मुंबईला झाली होती. ऑफिस गिरगावातून चालत जाण्याइतकं जवळ. तिथल्या एका वाडीत (एका गल्लीभोवतीची जुन्या घरांची वस्ती) दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत, असं एका सहकाऱ्याने कळवलं आणि फोटो पाठवले. बाहेरून चढणारा लाकडी जिना, रंगीत काचांच्या खिडक्या, दारात अनंताचं झाड. माझ्या बायकोने, शीतलने, ते फोटो इतक्यांदा पाहिले की शिलाई मशीन कुठल्या खिडकीखाली येईल आणि मुलगी कुठे अभ्यासाला बसेल हेसुद्धा ठरून गेलं. मोठ्या शहरात राहायचं आणि तरी आपल्या गावात राहिल्यासारखं वाटायचं, याहून काय हवं? फोनवर मालकीणबाईंशी बोलणं झालं, भाडं ठरलं. फक्त प्रत्यक्ष भेटायचं बाकी होतं.

माझे वडील, आप्पा, गुऱ्हाळावर स्वतः उभे राहून काकवीच्या दोन बाटल्या भरून घेऊन आले. "एक आत्याला, एक घरमालकिणीला. पहिल्यांदा रिकाम्या हातानं जाऊ नगं."

आत्या कॉटन ग्रीनला चाळीत राहते. तिचे यजमान गोदीत होते, आता नाहीत. तिच्या खोलीच्या मागे कापसाची जुनी गोदामं आहेत, आणि वारा शिवडीकडून आला की चिखलाचा खारट वास घरभर होतो. तिने बोंबील भाजले होते. फोटो पाहून म्हणाली, "काय रे, सिनेमात राहणार काय तू? आम्हाला तिकीट काढून यावं लागेल." पण झोपताना तिनेच विचारलं, "खिडकीला गज आहेत ना? पोर लहान आहे."

सकाळी बेस्टच्या बसने गिरगावात निघालो. वाटेत मालकीणबाईंच्या बाटलीचं झाकण सैल झालं आणि काकवी पिशवीतून माझ्या बाहीवर आली.

"ओ साहेब," कंडक्टर ओरडला, "काय सांडलं ते? सीटला मुंग्या लागतील ना!"

"काकवी आहे."

"काकी? कोणाची काकी?"

सगळी बस हसली, मीही हसलो. उतरल्यावर एका जुन्या खाणावळीत बाही धुतली, साबुदाणा वडा खाल्ला आणि पीयूष (श्रीखंडाच्या चवीचं पातळ, थंड पेय) प्यायलो. गल्ल्यावरच्या माणसाने वाडीचा रस्ता सांगितला, वर म्हणाला, "फोटो काढायला आलात? रविवारी येऊ नका, गर्दी असते."

"राहायला येणार आहे," मी म्हटलं. हे वाक्य पहिल्यांदाच मोठ्याने बोललो होतो.

वाडी फोटोंपेक्षा देखणी होती, हे मला प्रामाणिकपणे लिहिलंच पाहिजे. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की गाड्यांचा आवाज मागे राहतो. घरं दुमजली, उतरत्या कौलांची, कुठे पिवळी, कुठे निळी. व्हरांड्यात आरामखुर्च्या. एक आजोबा पोपटाला मिरची भरवत होते. एका ओट्यावर दोन मुली कॅरम खेळत होत्या. कुणाला कसली घाई नव्हती. दोन्ही बाजूंना मागे उंच इमारती उभ्या होत्या आणि मधे हे एक लहानसं गाव, इस्त्री केल्यासारखं.

मालकीणबाई, म्हणजे काकू, दारातच उभ्या होत्या. साठीच्या, हसऱ्या, कानात मोत्यांच्या कुड्या. "या, या! एवढ्या लांबून आलात." काका आत वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनीही मान हलवली. काकूंनी जिना दाखवला, खिडकी उघडून दाखवली, गज आहेत हेही मी पाहून घेतलं. अनंताची एक फांदी हाताला येत होती. मग चहा झाला. मी बाटली पुढे केली तेव्हा त्यांनी झाकण काढून तळहातावर थोडी काकवी घेतली आणि तिथल्या तिथे चाखली.

"अगं बाई! अहो, ही बघा खरी काकवी. इथे मिळते ती नुसती साखर. कुठली ही?"

मी गावाचं नाव सांगितलं. माझं आडनाव दुसऱ्याच एका गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. आणि मी कुठला हे फोनवर निघालंच नव्हतं.

"काय सांगता! माझ्या मावसबहिणीचं सासर तिथलंच. किती सुंदर गाव! तो घाट, ती देवळं... मी ह्यांना नेहमी म्हणते, म्हातारपणी तिथे जाऊन राहू या. कुठल्या आळीतले तुम्ही?"

त्यांनी खरंच आपुलकीने विचारलं. त्यांच्या आवाजात तेव्हा दुसरं काही नव्हतं. हा प्रश्न तुम्हालाही कुणी ना कुणी विचारला असेल, आणि तुम्ही ब्राह्मण आळी, कासार आळी, तेली आळी असं काहीतरी सांगून चहाचा पुढचा घोट घेतला असेल.

"आळीत नाही काकू," मी म्हटलं. "ओढ्यापलीकडे. भीमनगर."

"हो का," काकू म्हणाल्या. "छान."

काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. काकूंनी बशी उचलली, परत ठेवली. "खरं म्हणजे ना, ह्यांचा भाचाही जागा बघतोय. त्याला आधी विचारायला हवं. मी कळवते हं तुम्हाला."

"फोनवर तर आपलं ठरलं होतं."

"हो, पण घरातलं माणूस म्हटलं की... कळवते मी."

मी जिना उतरून अनंतापाशी पोचलो तोवर त्या मागून आल्या. हातात बाटली. "ही राहिली तुमची."

"तुमच्यासाठीच आणली होती."

"नको हो. ह्यांना शुगर आहे. आमच्याकडे गोड कुणी खातच नाही."

ओट्यावरच्या मुलींनी मला हात हलवून टाटा केला. मीही केला.

आत्याने बाटली पाहिली आणि तिला काही सांगावं लागलं नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "मला दोन मिळाल्या." मग बराच वेळ ती पीठ मळत राहिली, लागत होतं त्याहून खूप जास्त. शेवटी म्हणाली, "दोन दारं सोडून म्हात्रेंची खोली रिकामी आहे. खिडकीला गज नाहीत, पण लावून घेऊ." आता आम्ही तिथेच राहतो. काकूंचा फोन आला नाही.

सामान न्यायला गावी परतलो तेव्हा एस.टी. पुन्हा त्याच पुलावरून आली. देवळं तशीच सुंदर होती. पण गाव कसं मांडलेलं आहे, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. नदी, मग घाट, मग आळ्या, मग वेस, मग ओढा, मग आम्ही. कौतुक करणारे ज्याला जुनं वैभव म्हणतात ते हेच, आणि ते इतकं पक्कं बांधलेलं आहे की गिरगावातल्या एका जिन्यावरही त्याचा नकाशा कामाला येतो. शाल मला घाटावर मिळाली, पण ती घेऊन मी झोपायला ओढ्यापलीकडेच गेलो होतो. हे तुम्हाला माहीत होतं, मलाही. आपण कुणीच बोललो नाही.

आप्पा दारात बसले होते. घर मिळालं का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "काकवी आवडली का त्या बाईंना?"

"आवडली. हातावर घेऊन चाखली."

"आन् आळी कवा इचारली? चाखायच्या आधी का नंतर?"

"नंतर."

आप्पांनी मान हलवली. "मंग खरंच आवडली असंल," ते म्हणाले.