भिंतींतली पावडर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात एका जुन्या घराच्या वाशांचा भाव करत होतो. "भाऊजी, या आता," एवढंच वहिनी म्हणाल्या.

दादा माझा थोरला भाऊ, हिवताप खात्यात डीडीटीच्या फवारणीला होता. तिवशाकडच्या खेड्यात तो पंप घेऊन शिरला की भांडी, गोधड्या, पाळणे अंगणात यायचे आणि घरं आतून पांढऱ्या धुक्यानं भरायची. त्यातून तो बाहेर यायचा भुवयांपर्यंत पांढरा, ढगातून उतरल्यासारखा... तो वास मला अजून झोपेत येतो.

मी पडकी मातीची घरं विकत घेतो. सागवान वेगळं विकायचं, दारं वेगळी, आणि भिंतींची माती वरूडच्या नर्सरीला, संत्र्याच्या कलमांसाठी. ह्याच धंद्यावर मी शून्यातून उभा राहिलो. दादानं मात्र थेट नर्सरीत जाऊन सांगितलं, ह्या मातीत डीडीटी आहे, घेऊ नका. भरलेल्या ट्रॉल्या चारचौघांत परत आल्या. मी तणतणत त्याच्या मातीच्या घरी गेलो.

"पावडर तुमीच मारली ना दादा? अन् आता मलेच आडवे येता?"

"मीच मारली म्हणून तं सांगून राहिलो. मच्छर मेले, मी रिटायर झालो, ते तिथंच हाय. माती पसरली का विहिरीत जाईन, लेकराइच्या पोटात जाईन."

"कोणत्या भिंतीत हाय?"

"मले काय माईत? सगळ्याइच्यात."

"मंग ह्या भिंतीले कावून टेकून बसले?"

"हिले अजून तुह्यासारखा गिऱ्हाईक भेटला नाही," तो हसला. वहिनींनी दिलेला चहा मी तसाच ठेवून निघालो. पुढं बोलणं चालू राहिलं, पण बसणं-उठणं पहिल्यासारखं झालं नाही.

तेरवीनंतर वहिनी म्हणाल्या, "अंगणात दोन पक्क्या खोल्या बांधतो. जुन्या घराचं सागवान तुमीच न्या."

मी वर पाहिलं. काळंभोर, सरळ, असं लाकूड आता मिळत नाही. मनात ट्रकही येऊन लागला. पण छप्पर उतरवलं की भिंती पावसात विरघळणार, अंगणभर पसरणार, उतारानं विहिरीकडं जाणार...

"वहिनी, छपराले हात लावू नका," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

मेल्यावरही दादानं माझा सौदा मोडला. ट्रॉल्यांचा राग अजून आहेच, त्यात हा एक वाढला. परवा कारागीर नेऊन छपरावरची फुटलेली कवेलू बदलून घेतली, खाली त्याच्या भिंती कोरड्या राहाव्यात म्हणून.