साहेबबाबाची खोळ

मुलाने स्कॉटलंडमध्ये लग्न जमवलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, व्याही समजूतदार मिळोत. मिळाले, पण ते बोलतात काय हेच मला कळेना. भातकुलीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी, आणि त्यांचं इंग्रजी कानावर पडलं की माझी गत शेवटच्या बाकावरच्या पोरासारखी व्हायची. मग लक्षात आलं की जेवताना ते हळू बोलतात. तेव्हापासून महत्त्वाचं सगळं मी ताटावरच विचारू लागले.

गेल्या हिवाळ्यात ते एकटेच अमरावतीला आले. वय सत्त्याहत्तर, छातीचं ऑपरेशन झालेलं, काखेत जाडजूड फाइल. मानपानात मी कसर ठेवली नाही. टोपी, उपरणं, रोडगे, वांग्याची भाजी. उपरणं त्यांनी खांद्यावर न घेता सरळ कमरेला गुंडाळलं आणि आरशात बघून मान डोलावली. त्यांच्याकडे लग्नकार्यात पुरुष गुडघ्यापर्यंतचा घागरा घालतात हे सुनेनं सांगितलं होतं, म्हणून मी गप्प राहिले. शेजारणी गप्प राहिल्या नाहीत.

फाइलमध्ये त्यांच्या घराण्याची वंशवेल होती. दिवाणावर उलगडली ती पायथ्यावरून खाली लोंबायला लागली. सगळ्या चौकटी भरलेल्या, एकच अर्धी रिकामी. ती त्यांच्या आईच्या वडिलांची. कापसाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला मिस्त्री म्हणून ते वऱ्हाडात आले, तापाने गेले आणि अकोल्याजवळ कुठल्याशा जिनिंग फॅक्टरीच्या आवारातच त्यांना पुरलं. गावाचं नाव, मृत्यू कळवणाऱ्या पत्राच्या घडीत झिजून गेलेलं. आई तेव्हा दोन वर्षांची. ती मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, कुणीतरी जाऊन त्या दगडावर हात ठेवून या. व्याह्यांनी तिला शब्द दिला आणि नोकरी, मुलं, गुडघे करत चाळीस वर्षं काढली. आता डॉक्टरांनी बजावलं होतं की लांबचा प्रवास हा शेवटचा.

"तुमचे पणजोबा कुठले?" त्यांनी मला विचारलं.

"वऱ्हाडातले," म्हणत मी त्यांना आणखी एक रोडगा वाढला. मला तेवढंच माहीत होतं.

दोन दिवस आम्ही अकोल्याच्या आसपास फिरलो. जुन्या कबरी पाहिल्या, काटेरी झुडपांतून साड्या फाडून घेतल्या. हाती काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी एका चहावाल्याने सांगितलं, "पुढच्या गावच्या जुन्या जिनात साहेबबाबा हाय. थो पाहा."

जिन, म्हणजे जिनिंगचा कारखाना, कधीचा बंद पडलेला. आवारात कडुनिंबाखाली कमरेएवढा दगड, शेंदराची खोळ इतकी जाड की कोपरेसुद्धा गोल झालेले. वर चांदीचे दोन डोळे, पुढे बशीत बिनदुधाचा चहा. शेजारी याच जिनातून फिटर म्हणून निवृत्त झालेले म्हातारे आजोबा बसले होते. सीझन सुरू व्हायच्या आधी साहेबबाबाला कोरा चहा द्यायचा, नाहीतर यंत्रं अडतात, असं त्यांनी सांगितलं. यंत्रं भंगारात गेली, चहा मात्र चालूच होता.

"खाली नाव कोरलेलं असेल," व्याही म्हणाले.

खोळ थोडी काढता येईल का, असं मी विचारलं.

"बाई, खोळ आपण नाई काढत. देव आपल्या मनानं टाकते."

"कधी टाकतो?"

"माह्या आज्यानं नाई पाह्यली, मीनं बी नाई."

"यांचं विमान परवा आहे हो."

"थे देवाले सांगून पाहा." मग त्यांनी व्याह्यांना नीट न्याहाळलं. "हे कोन लागते याचे?"

"नातू," मी म्हणून गेले. घाई माझ्या स्वभावातच आहे.

म्हातारे उठून उभे राहिले. "मंग आंधी काहून नाई सांगतलं? घरच्यानं आंघोळ घातली तं देव नाई म्हनत नाई."

मग गाव जमलं. हापशीवर व्याह्यांची आंघोळ झाली, नेसायला मी दिलेलं उपरणं होतंच. कुणी गरम पाणी आणलं, कुणी लाकडी उलथनं. व्याह्यांनी इतक्या हलक्या हाताने काम केलं की तासभर लागला. शेवटी मोठा पापुद्रा सुटला आणि अक्षरं दिसली. म्हाताऱ्यांची नात कॉलेजात शिकणारी, तिने नाव मोठ्याने वाचलं.

ते नाव वंशवेलीत नव्हतं. आडनाव वेगळं, साल वेगळं. माणूस स्कॉटलंडचाच, मिस्त्रीच, पण दुसराच कुणीतरी. आमच्या माणसाचं नाव तिथे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे हे फक्त आम्हा दोघांना कळलं.

"बाई, इचारा ना त्याईले," म्हातारे म्हणाले. "आजोबाच हाय ना?"

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करत असे. मी प्रश्न तसाच इंग्रजीत करून व्याह्यांपुढे ठेवला. व्याह्यांनी ओला तळवा दगडावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग ते जेवताना बोलतात तसं अगदी हळू म्हणाले, "त्यांना हो म्हणून सांगा."

"हो म्हणतात," मी सांगितलं. म्हातारे धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले. नव्या शेंदराचा पहिला हात घरच्याचा म्हणून वाटी व्याह्यांपुढे आली. त्याआधी नातीने नावाचा फोटो काढून मला पाठवला होता. व्याह्यांनी तेलातला शेंदूर चोळला आणि नाव पुन्हा झाकलं गेलं.

परतताना गाडी मूर्तिजापूरपर्यंत आली. मला स्वतःचा भयंकर राग आला होता. शेवटी मी म्हटलं, "चुकलं माझं. खात्री न करता नातू म्हणून बसले."

ते वरूडचं संत्रं सोलत होते. अर्धं मला दिलं. "दगडाखालच्या या माणसाच्याही घरी कुणीतरी वाट पाहून गेलं असेल," ते म्हणाले. "तिकडे जाऊन शोधतो त्या घरच्यांना. फोटो देतो. चहाचं सांगतो."

"आणि तुमचे आजोबा?"

ते एक एक बी काढून कागदात ठेवत राहिले. "त्यांनाही कुठल्यातरी जिनात कुणी चहा ठेवत असेल. फक्त तो कोरा नसावा. आजी आईला सांगायची, दुधाशिवाय ते चहाला हात लावत नसत."