बिनफवारणीची वांगी

नरडाण्याजवळच्या एका गावात प्रेमराजला फवारणीतला मोठा जाणकार मानत. कपाशीवर काय मारायचं ते तो बाटली हुंगून सांगायचा, अन् औषध ढवळायचा ते थेट कोपरापर्यंत हात घालून. काठीनं ढवळणारे त्याच्या लेखी घाबरट. मास्क होता, पण खुंटीला टांगलेला, नवाकोरा. घरच्या भरितासाठी मात्र तो वांग्यांची एक ओळ वेगळी राखायचा आणि तिच्यावर औषधाचा थेंबही पडू द्यायचा नाही. "पोटात विष नको," म्हणायचा.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलेना. बायकोच्या, दिपमालाच्या, सगळ्या तपासण्या झाल्या, उपास झाले, नवस झाले. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी प्रेमराजलाच तपासलं. शुक्राणू फार कमी, हार्मोन्सही बिघडलेले.

"फवारणीच्या औषधानं असं होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. "ते कातडीतूनही अंगात शिरतं. आधी हात घालणं बंद करा."

"पण साहेब, मी तर बिनफवारणीचीच वांगी खातो!" प्रेमराज कळवळला.

सहा वर्षं उपास काढलेली दिपमाला ताडकन उठली.

"वांगं बिनफवारणीनं शे, डॉक्टरसाहेब," नवऱ्याच्या कोपरापर्यंतच्या हातांकडे बोट दाखवत ती अहिराणीत म्हणाली, "नवराच फवारेल शे!"